खुडूक

काळी चार दिवस पडवीत बसून आहे,
जुन्या जाळ्याच्या ढिगात.
पोटाखाली अंडं एकही नाही, नुसते बोये,
पांढरे, गोल, दोरीला बांधलेले.
हात नेला की अंग फुगवते,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी चरचरते
आणि चोच मारते मनगटावर, बांगडीच्या अगदी वर.

चार दिवसांची चार अंडी नाही म्हणत मी,
तीन तरी धरा.
खाडीपलीकडचा रिसॉर्टवाला पंधरा रुपये देतो,
गावठी म्हणून,
पर्यटकांना दाखवून मग फोडतो.

इनासीन कुंपणावरून म्हणते,
"थंड पाण्यात बुडय गो तीनदा, खूळ उतरताला."
जनाआत्ते म्हणतात, तिचंच पीस उपट,
तिच्याच नाकात आडवं घाल.
शाळेचा शिपाई म्हणाला, टोपलीखाली कोंड.
औषध सगळ्यांकडे आहे.
बुडवली मी. बादलीत, पोटापर्यंत, तीनदा.
ओल्या फडक्यासारखी लोंबली हातात,
आणि सोडल्या सोडल्या
पाय झटकत, ठिबकत, परत तिथेच.

अंडी ठेवून तरी काय व्हायचं?
कोंबडा मार्गशीर्षात राखणेला गेला,
देवचाराला दिला, घरावर नजर ठेव म्हणून.
घर आहे जागेवर. नजरही असेल.
आमच्याकडची अंडी तेव्हापासून
नुसती खायची.

ओटीवर हेही बसलेत.
होडी झापांखाली. इंजिन वेंगुर्ल्याला,
मिस्त्री रोज उद्या म्हणतो.
मागचा हंगाम पर्ससीनवाल्यांनी ओढून नेला,
आमच्या वाट्याला आलं डिझेलचं बिल.
"यंदा मी जावचंय नाय," म्हणाले,
आणि त्यानंतर बोलणं तेवढंच.
चहा आला की पितात,
ताट वाढलं की उठतात.
अशा माणसालाही आमच्यात खुडूकच म्हणतात.
शब्द एकच आहे,
आणि मी कधी कधी बादलीकडे बघते.

गटारी चार दिवसांवर आली.
गावातल्या बाकी कोंबड्यांचे दिवस भरत आलेले.
दुपारी हे उठले, पडवीत गेले.
विडी शोधत असतील म्हटलं.
मग काळीचा ओरडा,
मग यांची एक शिवी,
मग बराच वेळ काहीच नाही.

बाहेर आले तेव्हा हाताला रक्त
आणि मुठीत एक बोया.
तो त्यांनी माझ्या हातात दिला.
गरम होता.
"दोरी कुजली हा सगळी," म्हणाले.
मी गप्प.
"माका जाळा व्हया. हिका दुसरीकडे बसय."

धावत गेले नाही मी. पदर खोचला,
चालतच गेले इनासीनकडे.
तिच्या घरी कोंबडा आहे, तुऱ्याचा माज असलेला.
अकरा अंडी दिली तिने, पैसे घेतले नाहीत,
दोन पिल्लं मागितली,
"कोंबडो झालो तर तो तुझो, माका नको," म्हणाली.
डालग्यात गवत, गवतावर अंडी,
गडगडाटाने नासू नयेत म्हणून लोखंड शोधत होते,
तर बाजूला आधीच ठेवलेला
होडीचा एक गंजका खिळा.

काळी चढली, चोचीने एकेक ओढून घेतलं,
आणि माझ्याकडे अशी बघायला लागली
की मीच उशीर केलाय.

एकवीस दिवस मोजले
तर नारळी पौर्णिमेच्या पुढे दोन.
कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीची खूण आहे.
माझी नाही.

सातव्या रात्री टॉर्च लावून बघितलं.
टॉर्च त्यांनी धरला, अंडी मी.
नऊ भरलेली, दोन निवळ.
निवळ दोन त्यांनी लांब माडाच्या मुळाशी टाकली,
आणि हात धुऊन परत सुईदोरा घेऊन बसले
कंदिलासारखा टॉर्च खुंटीला लावून.

आज सकाळी लालीही अंग फुगवून बसली.
तिला मात्र बुडवली. तीनदा.
रिसॉर्टवाल्याचा दोनदा फोन आलाय,
आणि सगळ्यांचंच ऐकून कसं चालेल.